अर्धी कुसुम, अर्धी रमा

३ जून, सोम.
शाळा नी हॉस्टेल आता एकच संस्था. दोन्हीकडच्या याद्या कॉम्प्युटरवर जोडल्या, आज भिंतीला लावल्या. माझं नाव नाही. तीनदा बोट फिरवलं. ऑफिसातला बाबू म्हणे, "जो दोनों लिस्ट में है, वही रहेगा. बाकी की इस महीने के बाद छुट्टी." अरे, मग पोरींचे कपडे इतकी वर्षं कोण धुतंय, भूत?

४ जून
नेहाकडे गेले. कॉम्प्युटरवाली पोरगी, छावनीतली, आपल्यातलीच, मराठी. तिनं शोधलं. नोकरी शाळेनं दिली, तिथं दाखल्यावरचं नाव, कुसुम दत्तात्रय जगदाळे. काम हॉस्टेलात, तिथं लग्नातलं, रमा मधुकर मोहिते. "काकू, एक भी शब्द जुळत नाहीये!"
कसा जुळेल? नाव बदललं, बाप जाऊन नवरा आला, आडनावही गेलं. तुझ्या आईला विचार म्हटलं.

५ जून
कपडे वाळत घालताना डोक्यात आलं. हॉस्टेलात पूजा नावाच्या चार पोरी आहेत. मी कुणाचा कुडता नावावर देते का? कॉलरीत खाटेचा नंबर शिवते. ने.ला म्हटलं, नावं कशाला जुळवतेस, नंबर घे ना. ती कपाळ धरून बसली. "वही तो रोना है काकू. शाळेचा नंबर वेगळा, हॉस्टेलचा वेगळा. कौनसा किसका, कुठंच लिहिलेलं नाही."

७ जून
ने.नं याद्या परत जोडल्या, जुळो न जुळो, सगळ्यांना ठेवून. यादीत निघाले मी. पण दोन बायका. कुसुम: नोकरीला लागल्याची तारीख आहे, कामाची जागा कोरी. रमा: जागा आहे, तारीख कोरी. बाबू हसला मेला. "एक को रख लेंगे, बताओ किसको."
ने. म्हणते तिसरा तक्ता करते, शाळेचा हा नंबर म्हणजेच हॉस्टेलचा तो. पण त्याला पुरावा हवा.
कसला पुरावा? नाव ह्यांनी तांदळात लिहिलं, अंगठीनं. ते तांदूळ तेव्हाच शिजले. हे पण गेले. लग्नपत्रिकेत कुसुमच.

१० जून
बाबू म्हणे, कुसुम तीच रमा, असं लग्नाला हजर असलेल्या कुणाचं तरी लिहून आणा, परवा दुपारच्या आत. उरलंय कोण? थोरल्या जाऊबाई, हरिशंकरपुरमला. ह्यांच्या तेराव्यापासून बोलणं नाही. पाय ठणकतायत. बघू.

११ जून
गेले. "ये रमा," म्हणाल्या, जसं कालच भेटलो. मी लिहून नेलेला कागद वाचला, चष्मा पुसून परत वाचला. "आठवतं ना. घरात आधीच एक कुसुम होते मी, म्हणून तुझं बदललं. किती रडली होतीस!"
मी रडले नव्हते. पण सही हवी होती.
चहा झाला. कागद टीपॉयवर तसाच. "मुलाला विचारते, मग सही. उद्या ये."
वहिनी, उद्या दुपारी यादी पक्की होते, म्हटलं.
"मग सकाळी ये."