मिलचे साडेसात

२ जानेवारी १९५६
परळच्या मिलमध्ये टाइमकीपर म्हणून रुजू झालो. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा नवा नोकर. फाटकाशी छोटी खोली, काचेची खिडकी, भिंतीवर कामगारांचे पितळी बिल्ले टांगायचा फळा. दत्ताची तसबीर लावली, रामरक्षा म्हटली. मन प्रसन्न झालं. खोड एकच: मिलचं घड्याळ अजून जुन्या बॉम्बे टाइमवर, स्टँडर्डपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. थोरल्या शेठनी लावलेलं आहे, हात लावायचा नाही, असं मॅनेजर रघुवीरसाहेबांनी बजावलं.

९ जानेवारी
प्रत्येक वेळेपुढे ‘मिल’ किंवा ‘स्टँडर्ड’ लिहू लागलो. नुसता आकडा म्हणजे गावाचं नाव नसलेलं पत्र. साहेबांनी ते शब्द खोडले. सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणाले. साचेखात्यातला विणकर गुणाजी सुटताना रोज खिडकीशी वाकतो आणि हसतो, "तात्यानू, तुमचे किती नि जगाचे किती?"

१८ जानेवारी
मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून शहर पेटलं आहे. आठपासून कर्फ्यू. दुसरी पाळी साडेसातला सोडायची नोटीस साहेबांनी सांगितली, मी लिहिली. कुठले साडेसात, ते लिहिलं नाही. भोंगा मिलच्या घड्याळावर वाजला. बाहेर कर्फ्यू लागून नऊ मिनिटं झाली होती. नाक्यावर गोळी. गुणाजी गेला.

२१ जानेवारी
त्याची बायको शेवंती आली. लोक म्हणतात, हाती अर्धा तास असून तो दंगा करायला थांबला. खरं काय ते तिला हवं आहे. नोंदवहीत नुसतं ७.३०. चौकशीला साहेब तेवढंच दाखवणार. खाली माझी सही घेतली. मी केली. हात जाळावासा वाटतो.
गुणाजीचा बिल्ला शेवंतीला दिला.

२४ जानेवारी
मिलच्या साडेसातला बिल्ला परत फळ्याच्या खुंटीवर. ओला. धावत नेऊन दिला. ती म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवला होता.

२५ जानेवारी
पुन्हा. आज गरम.

२७ जानेवारी
वारा नाही, तरी हलतो. खिडकीशी कुणी वाकतं — रामरक्षा मधेच अडते —

२८ जानेवारी
नोंद दुरुस्त करतो म्हटलं. साहेबांनी वही कपाटात कोंडली. तुला काय त्याचं, म्हणाले. मलाच आहे त्याचं. सही माझी आहे.

३० जानेवारी
साडेसात. काचेवर आतून वाफ — तोच प्रश्न, पण हसणं नाही. वही नाही, म्हणून इथेच लिहितो. ज्याला सापडेल त्याने शेवंतीला वाचून दाखवावं. तो थांबला नव्हता. आम्ही त्याला उशिरा सोडला.
कडी निघाली —
आमचे साडेसात, गुणाजी. जगाचे आठ वाजून