कानसेनांची सही

४ मार्च
गुणवत्तेच्या प्रमाणपत्राचं ऑडिट चोवीसला. सल्लागार आज पुन्हा म्हणाले — जे करता ते लिहा, जे लिहिता ते करा, प्रमाणपत्र मिळालंच समजा. ऐकायला किती सोपं!

आम्ही पंपांच्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बॉड्या ओततो. रंगाला जाण्याआधी प्रत्येक बॉडी आमचे तपासनीस कानसेन हातोडीनं तीन ठिकाणी ठोकून ऐकतात. अख्खी असेल तर ठणकते, तडा असेल तर बद्द वाजते. तीस वर्षं हेच. म्हणून तर कानसेन. पास झाली की खडूची खूण, ती रंगाखाली जाते. कागदावर काही नाही. आणि ऑडिटरला डिसेंबरपासूनच्या नोंदी हव्यात.

साहेब म्हणाले, तपासलंय ना, मग आता लिहायला काय हरकत? मी म्हटलं, बघते. नाही म्हणायला हवं होतं.

७ मार्च
भरते आहे. डिसेंबर झाला. तीन वेगळी पेनं वापरली. रविवार वगळले, वीज नव्हती तो गुरुवार वगळला. अधूनमधून एखादी नापास टाकली — सगळ्याच पास दिसल्या तर संशय येईल. हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही.

घरी ह्यांना सांगितलं. "सगळेच भरतात गं." सगळेच म्हणजे कोण, विचारलं तर पेपर उघडला.

१० मार्च
कानसेनांनी सह्या केल्या. चष्मा आणला नव्हता. काय लिहिलंय यात, म्हणाले. तुम्ही तपासलेला माल, मी म्हटलं. "मग ठीक, बाई." सही करताना जिभेचं टोक दातांत धरतात. प्रत्येक पानावर.

२४ मार्च
पास. ऑडिटर म्हणाले, नोंदवही नीटनेटकी आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या. मला मान वर करवेना, तर लोकांना तो विनय वाटला!

२१ एप्रिल
प्रमाणपत्र आलं. प्रवेशद्वारावरच लावलंय. रोज त्याच्याखालून जायचं.

१२ मे
एका गिऱ्हाइकाकडे आमची बॉडी चालू पंपात फुटली. शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचं मनगट मोडलं. बॉडीवरच्या क्रमांकावरून तारीख काढली — १९ जानेवारी. नोंदवहीत: ठोकून तपासली, पास. सही कानसेनांची.

आता तक्रारीचा फॉर्म. दोष का आला, जबाबदार कोण, दहा दिवसांत लिहायचं. नियम मीच लिहिलाय. साहेब म्हणतात, तपासनिसाचं दुर्लक्ष. "नोंद बोलतेय ना? मग आपण कशाला बोलायचं?"

कानसेनांच्या निवृत्तीला अकरा महिने आहेत.

१४ मे
कानसेन आपणहून आले. वाद नाही, काही नाही. म्हणाले, मी ऐकलं असणार, मला कळलं नसणार. सही माझीच आहे. कान गेला बहुतेक.

दुपारी एकेक बॉडी दहा-दहा वेळा ठोकत होते. रंगवाला ओरडला, "काय हो, नाडी सापडत नाही का तिची?" एरवी कानसेनांनी त्याची बिनपाण्यानं केली असती. आज तीच बॉडी पुन्हा ठोकली.

१६ मे
हजेरीपट पाहिला. १९ जानेवारी. कानसेन — रजा.

रविवार पाहिले, वीज पाहिली. माणूस आला होता का, तेवढंच पाहिलं नाही! रंगवाल्याला विचारलं. म्हणाला, त्या दिवशी गाडी भरायची घाई होती, माल सरळ रंगालाच घेतला. म्हणजे ती बॉडी कुणीच ऐकली नाही. तिला पास केलं ते मी. मार्चमध्ये, माझ्या टेबलावर बसून.

१७ मे
साहेबांना हजेरीपट दाखवला. त्यांनी दार लावून घेतलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. अगदी मायेनं म्हणाले, "प्रमाणपत्र गेलं तर त्यावर आलेलं काम जाईल, मॅडम. साठ कुटुंबं आहेत. एका माणसाला आपण नीट निरोप देऊ की."

साठ कुटुंबं, हे खोटं नाही. त्यात माझंही एक. की तेवढंच मला दिसतंय?

१९ मे
फॉर्म कोरा.

२० मे
कानसेनांनी आज अकरा बॉड्या नापास केल्या. एक मी स्वतः ठोकून पाहिली. ठणठणीत! संध्याकाळी हातोडी माझ्या टेबलावर ठेवून गेले — दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले.

२२ मे
फॉर्म भरला. कारण: तपासणी झालीच नव्हती, नोंद खोटी. जबाबदार: मी. हजेरीपटाची प्रत जोडून थेट ऑडिटरना पाठवला. मग कानसेनांना गाठून सगळं सांगितलं. शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी होते. ते म्हणाले, "म्हणजे कान शाबूत आहे माझा."