तारीख वाढवून मिळते

३ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

बारावी पास झाले, लॉच्या प्रवेश परीक्षेतही बरे मार्क पडलेत. आता घरातला एकुलता एक वकील म्हणून तूच सांग. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स धरू, की आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा? आई म्हणते पदवी घे, वकिली नाही जमली तर मास्तरीण तरी होशील.

मला धीर नाही रे. लिफ्ट पडली, माणूस गेला, आणि ती बंद ठेवा म्हणून मालकाला बजावणारे दुरुस्तीवाले बाबाच तुरुंगात! परवा भेटीत म्हणाले, वरखाली व्हायची सवय आहे मला. त्यांचा वकीलही तूच. खटला लवकर उरक, एवढंच मागते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
झिपरी

९ जून

चि. झिपरीस,
अनेक आशीर्वाद.

डोळे मिटून पाच वर्षांचा धर. पदवीनंतरच्या वाटेला एक वर्ष जास्त, शिवाय मध्येच कुणी स्थळ आणलं की संपलंच! कॉलेजची इमारत बघू नकोस, तिथली पोरं कोर्टात उभी राहतात का ते विचार. मी निम्मा कायदा कँटीनमध्ये शिकलो, म्हणून तर पोट सुटलंय.

दाजींनी मालकाला बजावलं ते ऐकणारा वॉचमन एकटाच. तीस तारखेला त्याची साक्ष आहे. तो बिचकलाय, पण तुझा शब्द मोडणार नाही. तूच घेऊन ये. मी पहिल्या गाडीने पोचतो.

ताईला सांग, जीव जाळू नकोस.
तुझा मामा

२० जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मिळालं! सरकारी लॉ कॉलेज, पाच वर्षांचा कोर्स. आई रडली आणि मग मला रागावली, की तू का रडत नाहीस.

पण घोळ झालाय. मूळ दाखले घेऊन स्वतः हजर राहायचा शेवटचा दिवस तीसच तारीख. वॉचमन आईबरोबर यायला तयार नाही. काय करू? लगेच कळव.

उत्तराकडे डोळे लावून,
झिपरी

२४ जून

चि. झिपरीस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीवर थाप.

वेडाबाई, उभा जन्म तारखांवर गेला माझा. शेवटची तारीख कधीच शेवटची नसते. कारण सबळ असलं की वाढवून मिळते. सोबत अर्ज लिहून पाठवतोय, दुसऱ्या दिवशी नेऊन दे. साक्षीदार आणायला कोर्टात गेली होती म्हटल्यावर लॉ कॉलेजच नाही म्हणेल होय? तू बिनघोर ये.

पेढ्यांची वाट बघणारा,
मामा

१९ जुलै

ती. मामास,
सा. न.

तीस तारखेला समोरच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली आणि तू हरकतसुद्धा घेतली नाहीस. तुम्हा लोकांत तसंच चालतं म्हणे, आज त्यांनी मागायची, उद्या तू. वॉचमन तिथूनच गावी गेला. पुन्हा येणार नाही म्हणाला.

कॉलेजातल्या बाईंनी तुझा अर्ज नीट वाचला, मला पाणी दिलं. जागा आदल्या संध्याकाळीच प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. हे बाबांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण भेटीत आईच्या तोंडून निघून गेलं.

गेल्या आठवड्यात त्यांची तारीख होती. तू दुसरीकडे अडकलास म्हणून ज्युनियरला पाठवलंस, तेही पुढची तारीख घ्यायला. तो तोंड उघडायच्या आत बाबा उठले आणि म्हणाले, गुन्हा कबूल आहे. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा हो म्हणाले. न केलेला गुन्हा, मामा! सात वर्षांची शिक्षा झाली. नेताना मला म्हणाले, पोरी, आता माझ्यापायी तुला कोर्टात खेटे घालायला नकोत, तू कॉलेजात जा.

तर मी जातेय. बी.ए.ला नाव घातलंय, लॉ त्यानंतर. अपील आता शिक्षा कमी करण्यापुरतंच उरलंय, आणि ते आम्ही एका वकीलबाईंना दिलंय. वकीलपत्रावर बाबांनी सही केली. तुझ्या मनाला लागेल म्हणून आई कळवू नको म्हणत होती. मी म्हटलं, लागू दे.

तू मामा आहेस, घरी ये, जेव. केसबद्दल मात्र अक्षर काढू नकोस. लोभ आटलेला नाही, पण सध्या मागू नकोस.

झिपरी