परग्रहावरच्या बाईची ओटी

खासबाग, बेळगाव
ता. ३ फेब्रुवारी १९८५

रा. रा. ज्योतिबाअण्णा यांस रवळूचा नमस्कार, वहिनींना दंडवत.

पाकीट जाड आहे म्हणून आधीच लिहितो, कुणी गेलेलं नाही. (माझं पत्र म्हणजे पोस्टकार्ड, आणि तेही अर्धं कोरं. पाकीट बघून वहिनी मटकन खाली बसल्या असतील, त्यांना पाणी द्या.) तुमचा खोकला आता कसा आहे? कारखान्यात रात्रपाळी बदलून मिळाली का? इकडे थंडी जायचं नाव घेत नाही. आईचे गुडघे कुरकुरतात. वर्षभर आमच्या घरात बोलणारे तेवढेच होते. माझ्या प्रकृतीबद्दल तुम्ही दर पत्रात विचारता आणि मी दर पत्रात ‘बरी आहे’ असं लिहितो. या खेपेला ती खरंच बरी आहे, आणि कारण सांगायला कार्ड पुरेना म्हणून पाकीट घेतलं. बाकी काम काही नाही. पत्र केवळ खुशालीचं समजावं.

तुम्हीच आपल्या बहिणीला, मालूला, तुमच्या बेंगळूरच्या त्या हौशी मंडळाचं पत्रक धाडलं होतं. तिनं नाव नोंदवलं आणि शिशाच्या सहा बाहुल्या टपालानं घरी आल्या, प्रत्येक करंगळीएवढी. दाढीवाला जादूगार, गदा घेतलेला राक्षस, पंख असलेला साप, चिलखतातला घोडेस्वार, डबड्यासारखा यंत्रमानव, आणि परग्रहावरची एक बाई. मंडळाचं आव्हान असं की सहाही रंगवून पाठवायच्या. पाच चालणार नाहीत. मग त्या प्रदर्शनात मांडतात आणि खाली छापील पाटीवर रंगवणाऱ्याचं नाव लावतात. शाळेत पोरींना चित्रकला शिकवून घरी आली की मालू खिडकीशी बसायची. पाच झाल्या. सहावी राहिली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पाच जण वर्षभर रेडिओवर उभे होते आणि सहावी त्यांच्यात उघडीबोडकी. डिसेंबरात मंडळाच्या सेक्रेटरींचं पत्र आलं, यंदा तरी पाठवता का म्हणून. मी खरं ते कळवलं, आणि विचारलं की उरलेली एक मी रंगवली तर चालेल का. भला माणूस असावा. उत्तर आलं, रंगवा, नाव त्यांचंच लावू, पण दहा फेब्रुवारीच्या आत सहाही पोचल्या पाहिजेत. अण्णा, तिचं नाव बेंगळुरात पाटीवर लागणार असेल तर मी हत्तीसुद्धा रंगवला असता. करंगळीएवढी बाई ती काय!

पण बाई कुठल्या रंगाची? पत्रकात लिहिलं होतं, ‘आपल्या कल्पनेप्रमाणे’. मी अठरा वर्षं सोसायटीत हिशेब बघतो. आमच्याकडे कल्पनेप्रमाणे काही केलं की चौकशी बसते. म्हणून टायपिस्ट परशरामला हळूच विचारलं, तर त्यानं ते सगळ्या ऑफिसला ऐकवलं. तो म्हणाला हिरवी, परग्रहावरची माणसं हिरवीच असतात. हेडक्लार्क म्हणाले, “तू बघून आलाईस व्हय रं?” परशराम म्हणाला, “मग तुम्ही काय निळी बघिटलाय?” खताची पावती घ्यायला आलेला एक सभासद मध्येच म्हणाला की तिकडं ऊन किती पडतंय त्यावर हाय, रानात काम करणारी असली तर काळीच असंल. दुपारपर्यंत ऑफिसात हिरवे, निळे आणि काळे असे तीन पक्ष झाले आणि पावती राहिलीच. मी हिरव्यांच्या बाजूनं मत दिलं, कारण परशराम माझ्या टेबलाशेजारी बसतो.

संध्याकाळी चहा झाल्यावर मालूचे खारीच्या केसांचे ब्रश काढले. ती श्वास रोखून रंगवायची, म्हणून मीही रोखला. पण सोडायचा कधी, हे पत्रकात नव्हतं. चेहऱ्याला हिरवा टिपका लावायच्या वेळीच तो सुटला आणि परग्रहावरच्या बाईला दाढी-मिशी एकदमच उगवली. ती पुसून, पुन्हा लावून, जमेल तशी हिरवी केली. आता वाळत कुठं ठेवायची? आमच्या घरात धूळ, मुंग्या आणि मांजर या तिघांना बंदी असलेली जागा एकच, देवघर. शिवाय समईची ऊब. ठेवली कोपऱ्यात.

सकाळी बघतो तर बाई कोरी. लखलखीत शिसं. हिरव्याचा कणसुद्धा नाही.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं घरात विचारलं असतं. पण आमच्या घराची तुम्हाला कल्पना आहे. मी आईला काही विचारलं नाही, आई मला काही बोलली नाही, आणि मी रंग हलका निघाला असं ठरवून ऑफिसला गेलो. त्या संध्याकाळी निळा लावला. सकाळी पुन्हा कोरी. मी रंगाच्या दुकानात जाऊन भांडलो. (मी. भांडलो. हे वहिनींना वाचून दाखवा.) दुकानदारानं तेलरंगाचा डबा काउंटरवर आपटला आणि म्हणाला, हा देवसुद्धा काढू शकणार नाही. तो लावला. सकाळी तोही गेला, आणि बाईच्या गुडघ्याला नारळाच्या शेंडीचे चरे पडले होते.

एक गोष्ट मात्र त्याच दिवसांत सुधारली, ती म्हणजे जेवण. वर्षभर आमच्याकडे भात-आमटी, आमटी-भात. आता एकदम शेवयांची खीर, मग भरली वांगी, आणि एके दिवशी तर ताटात खव्याचा कुंदा. मी खाली मान घालून खाल्लं. सगळ्या मालूच्या आवडीच्या वस्तू आहेत, हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपला विचार करत होतो की शिशाला रंग का धरत नाही.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आलो (मुदत जवळ आली होती आणि बाई अजून कोरीच होती), तर दारात बायकांच्या चपलांचा ढीग. आत गेलो. देवघरासमोर गल्लीतल्या सहा-सात बायका पदर घेऊन बसलेल्या, आणि मध्ये पाटावर, झेंडूच्या माळेत बुडालेली, हळदकुंकू लावलेली, हातात बंदूक रोखून, परग्रहावरची बाई.

अण्णा, मालूचा टाक करायचा राहून गेला होता. देवघरात आप्पांचा आहे, आजीचा आहे, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली दोन माणसं. तिचा करून शेजारी बसवायचा तर सोनाराकडं जाऊन तिचं नाव घ्यावं लागतं, आणि ते आम्हा दोघांच्यानं होत नव्हतं. आईला सकाळी पूजेला बसल्यावर कोपऱ्यात एक धातूची बाई दिसली. तिला वाटलं, पोरानं न सांगता, न बोलता टाक करून आणला. (न बोलता काही करणं हे माझ्या स्वभावाला इतकं धरून होतं की शंका यायचं कारणच नव्हतं.) कळकून हिरवा पडलाय म्हणून तिनं तो चिंच लावून घासला. दुसऱ्या दिवशी बघते तर सून निळी. घासली. तिसऱ्या दिवशी परत रंग. तेव्हा तिनं शेजारच्या रुक्माबाईंना सांगितलं की सून रोज रंग पालटतीया. रुक्माबाई म्हणाल्या, काहीतरी खायची इच्छा राहिली असंल पोरीची. म्हणून खीर, म्हणून वांगी, म्हणून कुंदा. नैवेद्य दाखवून आई तो मला वाढत होती आणि मी खाऊन पुन्हा रंग लावत होतो!

मी दारातच उभा. रुक्माबाई अगदी जवळ जाऊन बघत होत्या. “बाळाबाई, हातात काय हाय ओ ह्ये?”

“फुंकणी,” आई म्हणाली. “चुलीम्होरनं उठून आल्यागत दिसती न्हवं?”

“आन डोक्यावर?”

“इरलं. जांबोटीची पोर ती. तिकडच्या पावसात इरल्याबिगर कोण भाईर पडंल? पाय बघा, न्हाणीतल्या दगडावर ठेवलाय. सोनार लई गुणाचा. नाक बी तसंच काढलंय.”

त्या बाईला नाक नाही, अण्णा. नाकाच्या जागी माझ्या तेलरंगाचा एक थेंब सुकून राहिला होता, तोच एक शेंडीला दाद देत नव्हता. पण आईनं सांगितल्यावर मी बघितलं, आणि ते डोक्यावरचं शिरस्त्राण खरंच इरलं दिसायला लागलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर मीही पाया पडलो असतो.

मी म्हटलं, “आई, ती मालू न्हाय.” वर्षभरानं तिचं नाव घरात निघालं, ते असं निघालं. मी म्हटलं, “ती टाक न्हवं. बाहुली हाय. दुसऱ्या ग्रहावरची बाई हाय ती.”

आईनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, “व्हय की. मग मालू आता कुठं जांबोटीला हाय व्हय?”

मी तोंड उघडलं, पण त्यातून हसू आलं. कुठून आलं माहीत नाही. आई आधी रागानं बघत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मी हिरवी केली होती म्हणालो तर आणखी हसली. म्हणाली, “आणि मी म्हनतोय पोरीला कावीळ झाली का काय वर जाऊन!” मी भिंतीला टेकून खाली बसलो. रुक्माबाईंनी आधी आईवर अंगारा टाकला, मग माझ्यावर, आणि थोडा उरला होता तो खबरदारी म्हणून स्वतःच्या कपाळाला लावला. बायका गेल्यावर आम्ही दोघं बसून बोललो. दिवे लागले तरी बोलतच होतो. सगळं मालूचंच. तिनं तुमच्या लग्नात आचाऱ्याला रडवलं होतं, तिथपासून.

पण आव्हानाचं सांगितल्यावर आई ताठ झाली. देवघरात बसवलेली बाई पार्सलानं जायची न्हाय. मी पाटीचं सांगितलं. मालूचं नाव, छापील, लोक येता-जाता वाचणार. आईनं हातातल्या वाती वळून संपवल्या. मग म्हणाली, “जाऊ दे मग. पर रंग मी सांगंन.” अशा रीतीनं हिरवे, निळे आणि काळे तिन्ही पक्ष पडले. अंग गव्हाळ. कपडे डाळिंबी. इरलं तपकिरी. मी रंगवत होतो आणि आई माझ्या डोक्यावर बॅटरी धरून, “ती अशी वाकडी उभी ऱ्हाईत न्हवती,” म्हणून शिशाला दोष देत होती. कुंकू मात्र तिनंच लावलं, केरसुणीच्या हिराच्या टोकानं, श्वासबिस न रोखता, एका टिपक्यात.

काल शनिवारी पार्सल केलं. आईनं आधी बाईची ओटी भरली. तांदूळ तिच्या कमरेपर्यंत आले. खणाच्या चिंधीत गुंडाळून तिला डब्यात ठेवताना जागेवरूनही वाद झाला. राक्षसाशेजारी नको. घोडेस्वारही नको, तो तरणा आहे. शेवटी दाढीवाल्या जादूगाराशेजारी, तो वयस्कर दिसतो म्हणून. पोस्टात खिडकीवरचा माणूस डबा हलवून म्हणाला, “इदराग एनैत्रि?” आत काय म्हणून सांगू? मी कानडीत शब्द जुळवत होतो, तेवढ्यात आईनं मागून मराठीत सांगितलं, “सून हाय. हळू धरा.” त्यानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि डबा दोन्ही हातांनी आत घेतला.

मंडळ काय म्हणतं बघू. सहा आहेत, मुदतीत आहेत, नाव तिचं आहे. मी स्वतः फार गुंतलेलो नाही. आईच्या समाधानासाठी केलं इतकंच. माझ्या लेखी ते शिसं आहे. वहिनींना, मुलांना आठवण सांगा. खोकल्याला ज्येष्ठमध घ्या.

आपला,
रवळू

ता. क. एक लहानसं काम होतं, लिहायचं राहिलं. प्रदर्शन मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. संपल्यावर मंडळ बाहुल्या टपालानं परत करतं. आई म्हणते, जाताना गेली तशी गेली, पण सासरी परतताना बाई एकटी येत नाही, तिचा भाऊ मुराळी म्हणून सोडायला येतो. तेव्हा अण्णा, तुम्ही जाऊन तिला घ्या आणि घेऊन या. हवंतर बाकीचे पाच टपालानं येऊ देत.

ता. क. २. पेटीत घालू नका. वरच्या खिशात ठेवा, म्हणजे तिला बाहेरचं दिसेल. हे आईचं म्हणणं.

ता. क. ३. पाटीवर नाव नीट आहे का ते तुम्ही स्वतः वाचा आणि मला कळवा. हे माझं म्हणणं.

ता. क. ४. आई म्हणते, भावाच्या घरी गेलीच आहे तर घाई करू नका, चार दिवस ठेवून घ्या. मी म्हणतो दोन पुरेत.