तपन माझ्याकडे का बघतो

शनिवार, डिसेंबर १९७३. कलकत्ता

उद्याच्या सामन्यात तपनला घ्यायचं की नाही? आमच्या बँकेच्या संघाचा कप्तान मी, तेव्हा निस्तरायचं मलाच. आज मैदानावर संघाचे सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, "जोशीबाबू, हा तुमचा चौथा गोलंदाज अजून किती दिवस पोसायचा?" तपन शेजारीच बुटांची नाडी सोडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

मार खातो, हे खरंच आहे. पण सरावात हाच पोरगा चेंडू हातभर वळवतो, मग सामन्यात होतं काय? चेंडू टाकला की तो आधी माझ्याकडे बघतो. फलंदाजाकडे नाही, माझ्याकडे!

जेवताना बायकोजवळ हेच चिडून बोललो. ती म्हणाली, "तो बघतो तेव्हा तुम्ही काय करत असता?"

मी आठवून पाहिलं. एक चौकार गेला, की मी दुसऱ्या गोलंदाजाला तयार राहायची खूण करत असतो. आणि वर म्हणतो, मी तपनला किती सांभाळून घेतलं!

घेतोय त्याला. मी त्याच्या पाठीमागे, पार सीमेवर उभा राहीन, हात खिशात घालून. हरलो, तर सेक्रेटरींनी खुशाल माझ्याकडे बघावं.