खडकाचं माप

१९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. मी बरा आहे. उत्तराला उशीर झाला, कारण हात रिकामे नव्हते. अंधाऱ्या खोलीतला ओटा नव्याने बांधला. फोटो मोठे करायचं यंत्र तुला आठवत असेल, टेबललॅम्प आणि पत्र्याच्या डब्यातून मीच उभं केलेलं. त्याला नवं भिंग बसवलं. कॅमेऱ्याची लाकडी तिवई खाऱ्या हवेने कुरकुरत होती, तिचे तिन्ही पाय रंधून काढले. चौकटी, फोटो धुवायच्या ताटल्या, भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता, सगळं या दोन हातांचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. हे तुझी आई आल्यागेल्याला सांगायची, आता मलाच सांगावं लागतं.

तू मागितलेल्या फोटोचं म्हणशील तर शोधतो आहे.

परवा पहाटे किनाऱ्यावरच्या त्या खडकाच्या सुळक्यापाशी जाऊन आलो. ओहोटी अर्ध्यावर होती. त्या वेळी मागे सरणारं पाणी वाळूवर रेघा सोडतं आणि त्या नेमक्या सुळक्याच्या पायथ्याशी जातात. ढग हवे तसे, क्षितिज सरळ. सगळं जुळलं आणि फोटो काही आला नाही. चार मजली सुळका, पण चौकटीत नखाएवढा खडा दिसत होता. त्याचा मोठेपणा कळायला शेजारी माणूस लागतं.

ते माणूस कायम तुझी आई. पाठमोरी. चेहरा आला की नजर तिथेच अडकते, मग समुद्र कोण बघणार? हा माझा नियम, आणि तो चुकीचा नाही. ती म्हणायची, "अहो, लग्नाआधी तरी मला समोरून पाहिलं होतंत ना?" शटर अर्धं मिनिट उघडं ठेवायचं, तेवढा वेळ ती हलायची नाही. लाट घोट्याला लागली तरी नाही.

तर ठकू, खरं म्हणजे शोधायचं काही उरलेलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात घर उलथंपालथं करून झालं होतं. आमच्या लग्नात दुसऱ्याचा कॅमेरा मी येऊ दिला नव्हता, आणि मी तर नवरा, मग फोटो काढणार कोण? ओळखपत्रावरच्या फोटोतली ती आई वाटतच नाही, हे तूच लिहिलंस. तिला जाऊन आठ महिने झाले, आणि तुझ्या लेकीला 'ही बघ आजी' म्हणून दाखवायला माझ्याकडे, एवढ्या मोठ्या फोटोग्राफरकडे, तिचा चेहरा नाही. पाठमोऱ्या फोटोंतला गालाचा कोपरा मोठा करकरून पाहिला. कानाची पाळी येते. त्यापुढे नुसते फिल्मचे दाणे.

एक सोबत पाठवतो आहे. वाया गेलेला. शटर उघडं असताना ती वळली आणि म्हणाली, "पाणी फार गार आहे हो!" मी तिच्यावर ओरडलो होतो. चेहऱ्याच्या जागी पांढुरका फराटा आलाय, पण वळली ती माझ्याकडे, एवढं कळतं. लेकीला सांग, आजी हसत होती. हसतच होती.

आणखी एक, मग पुरे. त्याच सुळक्याचा मोठा फोटो, आई पायथ्याशी उभी असलेला, एका हॉटेलवाल्याने दर्शनी भिंतीसाठी मागितला होता. माणूस भला. चहा घेतला, ढगांचं तोंडभरून कौतुक केलं. म्हणाला, "खाली तो ठिपका आहे ना काका, तेवढा पुसून द्या."

"मग खडकाचं माप कसं कळणार?"

"माप कुणाला हवंय?"

मी फोटो गुंडाळून कपाटात ठेवला. चार लाख देत होता.

तुझे
बाबा