मूठभर शिंपले, पातेलंभर शिंपले

मी फिर्मिन व्हानहेके, वय अठ्ठ्याहत्तर, कॅसिनोत जुगाराचं रूलेट चाक फिरवायचो, आता निवृत्त. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. कुणी भरीस न घालता, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो.

एक. राहतं घर सूनबाई मार्लीनला. माझ्या मुलाने, योरिसने, तिला सोडलं. तिने मला सोडलं नाही.

दोन. बँकेतली बचत योरिसला. कायद्याने माझ्या मालमत्तेत त्याचा अर्धा वाटा बसतो, आणि ही बचत तेवढीच होते. हा पैसा जुगाराच्या टेबलावर जाणार, हे जाणूनच देतो आहे.

हे असं का, ते सांगायला हवं. तो लहान असताना कालवं खाऊन झाली की उरलेल्या शिंपल्यांवर आम्ही छापा-काटा खेळायचो. त्याच्याकडे मूठभर, माझ्याकडे पातेलंभर. नाणं खरं, डाव बरोबरीचा, तरी रिकामा व्हायचा तोच. माझे दिवस वाईट गेले तरी पातेल्याचा तळ दिसत नसे. त्याची मूठ दोन उलट्या डावांत संपे. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं, जुगाराला शिवणार नाही.

त्याची आई गेल्यावर तो आला. "बाबा, घर विका."

"कशाला रे?"

"माझा हात तोकडा पडतो. तुम्हीच नाही का शिकवलंत? पातेलं ज्याचं मोठं, तो टिकतो!"

"बाळा, कॅसिनोत पातेलं त्यांचं. चाकावर शून्य आलं की डावही त्यांचाच. तू बादली आण नाहीतर पिंप आण, समुद्राशी काय पैज लावणार?"

"तुम्हाला माझी भरभराट बघवत नाही," म्हणाला, आणि गेला. जेवण तसंच राहिलं.

तीन. मेहुणा कामिएल याने 'पैशाकडे पैसा जातो' हे पोराच्या कानात भरलं. त्याला माझा कामाचा काळा कोट द्यावा. कॅसिनोचा पैसा कुणी खिशात घालू नये म्हणून नियमाप्रमाणे खिसे शिवलेले आहेत, उसवू नयेत.

चार. समुद्राकडची वरची खोली मार्लीनने भाड्याने देऊ नये. योरिस हरून आला तर काही न विचारता सूप गरम करावं. जिंकून आला तर दार आणखी लवकर उघडावं, पोरी. जिंकलेला माणूस उंबऱ्यावर फार वेळ थांबत नाही, परत टेबलाकडे वळतो.

नोटरीने मला वाचून ऐकवलं, पटलं, सही केली.

फिर्मिन व्हानहेके
साक्षीदार: गास्टन डेब्राउने, पाववाला, आलिडा क्लाइस, शेजारीण
ओस्टेंड, ९ नोव्हेंबर २०११